बोलणे की खुणा? कर्णबधिर बालकाच्या वाढीत आधी प्रश्न भाषेचा

नवी दिल्ली : कर्णबधिर बालकांपैकी बहुसंख्य बालके ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्माला येतात. अमेरिकेतील अभ्यासांत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आढळले आहे. त्यामुळे निदान होते त्या दिवशी घरात बधिरत्वाविषयी काही ठाऊक असलेली व्यक्ती बहुधा नसतेच. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना पालकांच्या ओठी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे ‘हे मूल बोलेल ना?’ या प्रश्नापाठोपाठ अनेकांना एक सल्लाही मिळतो. मुलाशी खुणांनी बोलू नका, हातांची सवय लागली तर तोंड उघडणार नाही, असा हा सल्ला आहे. तो हितचिंतकांकडून येतो, नातेवाइकांकडून येतो आणि काही वेळा या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडूनही येतो.

गेल्या काही दशकांतील भाषाविज्ञानाचे आणि बालविकासाचे संशोधन पाहता, हा सल्ला ज्या गृहीतकावर उभा आहे ते गृहीतकच डळमळीत झाले आहे. वाचा आणि खुणा ही दोन परस्परविरोधी साधने असून एकाचा स्वीकार म्हणजे दुसऱ्याचा त्याग, असे ते गृहीतक आहे. प्रत्यक्षात बालकाच्या दृष्टीने खरी निकड बोलण्याची किंवा खुणांचीही नसते. ती असते भाषेची. कोणती ना कोणती एक पूर्ण भाषा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत त्याला मिळते की नाही, यावर पुढचे पुष्कळ काही ठरते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ७१ हजार होती. त्यात वयोमानाने ऐकू येईनासे झालेलेही आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’ मानली जाते, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘ऐकण्यास कठीण’ या वर्गात मोडते. सामान्य संभाषणाची पातळी साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो. यंत्राच्या मदतीवाचून अशा मुलापर्यंत घरातले बोलणे पोहोचतच नाही.

घड्याळ जन्माआधीच सुरू होते

ऐकू येणाऱ्या बाळाचे भाषाशिक्षण आईच्या पोटातच सुरू झालेले असते. गर्भावस्थेच्या अखेरच्या काही महिन्यांत त्याला आईचा आवाज ऐकू येतो. जन्मानंतर वर्षभर ते काही बोलत नाही, पण सतत ऐकत असते. अंगाईगीत, शेजारणीशी चाललेल्या गप्पा, भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत हे सगळे त्याच्या कानांवरून जाते आणि त्यातूनच भाषेची घडण मनात उतरते. कर्णबधिर बाळाची झीज इथून सुरू होते. ही झीज बाहेरून दिसत मात्र नाही, कारण ते इतर बाळांसारखेच हसते, हुंकार देते आणि चेहऱ्याकडे पाहते.

नवजात बालकांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेला निकष ‘एक-तीन-सहा’ या नावाने ओळखला जातो. महिन्याभरात प्राथमिक श्रवणचाचणी, तीन महिन्यांत निश्चित निदान आणि सहा महिन्यांत उपचार व प्रशिक्षणाचा प्रारंभ, असे त्याचे स्वरूप आहे. यामागे केवळ प्रशासकीय शिस्त नाही. अमेरिकेतील संशोधक क्रिस्टिन योशिनागा-इतानो यांच्या चमूने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषिक प्रगती उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली होती.

भारतात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात श्रवणदोषाचा समावेश आहे आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. तरीही अनेक घरांत पहिली शंका येते ती मूल दीड-दोन वर्षांचे झाल्यावर. तीही ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता’ अशा समजुतींत विरून जाते. पाठीमागे ताट वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षा तर हमखास फसवी ठरते. फरशीतून आलेला हादरा किंवा हलणारी सावली जाणवली, तरी मूल वळून पाहते आणि घरच्यांना हायसे वाटते. कानातील प्रतिसाद मोजणारी ओएई आणि मेंदूपर्यंत पोहोचणारे संकेत नोंदवणारी बेरा या चाचण्या बाळ झोपलेले असतानाही करता येतात. त्यांना पर्याय नाही.

यंत्र काय देते, काय देत नाही

श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते. ज्यांच्या कानात काही प्रमाणात श्रवणशक्ती शिल्लक आहे, त्यांना त्याचा लाभ होतो. मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष असलेली अनेक मुले वेळेवर बसवलेल्या यंत्राच्या आणि नियमित वाचा-उपचारांच्या बळावर सहज बोलू लागतात. अशा मुलांच्या बाबतीत बोलीला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक आहे.

तीव्र बधिरत्वात मात्र कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. कानामागील बाहेरचा भाग आवाज टिपून त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो आणि शस्त्रक्रियेने आत बसवलेले विद्युतअग्र ते संकेत थेट श्रवणमज्जातंतूला देतात. निसर्गदत्त कानाच्या शंखात हे काम सुमारे साडेतीन हजार आंतरकेशपेशी करतात, तर यंत्रात ते साधारण दोन डझन विद्युतअग्रांवर सोपवलेले असते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मेंदू भाषा उभी करू शकतो, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. मात्र त्यासाठी मेंदूला लवकर संधी मिळावी लागते. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार, साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांमध्ये मेंदूतील श्रवणमार्गाचा विकास अपेक्षेनुसार होण्याची शक्यता सर्वाधिक असते. सात वर्षांनंतर ती फारच कमी होते.

केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू कुटुंबांतील लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या कामाचे समन्वयन करते. केरळने २०१२ मध्ये ‘श्रुतितरंगम’ ही स्वतंत्र योजना सुरू केली. या योजनांमुळे जे उपचार पूर्वी मूठभर कुटुंबांच्या आवाक्यात होते, ते हजारो घरांपर्यंत पोहोचले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तरीही शस्त्रक्रिया म्हणजे चष्मा लावणे नव्हे. चष्मा लावताच अक्षर दिसते, पण इम्प्लांट सुरू केल्यावर ऐकू येतो तो निव्वळ अर्थहीन कोलाहल. त्यातून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म’, ‘श’, ‘स’ हे सहा ध्वनी वेगळे ओळखण्यापासून सुरुवात करावी लागते. जगभरातील वाचा-उपचार केंद्रांत दररोज सकाळी हीच सहा ध्वनींची चाचणी घेऊन यंत्र ठीक चालते आहे की नाही हे पाहिले जाते. पुढे महिनोन् महिने प्रशिक्षण चालते. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला, तिथून महानगराला खेपा घालाव्या लागतात, त्यात रोजंदारी बुडते. हमीचा काळ संपल्यानंतर तार, विजेरी आणि बाहेरचा यंत्रभाग यांचा खर्च कुटुंबाच्या माथी येतो. यंत्र बिघडून कपाटात पडल्यामुळे मूल पुन्हा निःशब्दतेत गेले, अशी उदाहरणे या क्षेत्रातील कार्यकर्त्यांना नवीन नाहीत.

आणि सर्व काही सुरळीत असले, तरी बाहेरचा भाग काढला की मूल बधिरच असते. आंघोळीच्या वेळी, झोपताना, पोहताना किंवा विजेरी उतरल्यावर त्याला काहीच ऐकू येत नाही. रात्री ताप आलेल्या मुलाला आईने काय सांगायचे आणि कसे, हा प्रश्न यंत्राच्या माहितीपत्रकात नसतो.

सर्वांत अवघड बाब म्हणजे निष्पत्तीची अनिश्चितता. एकाच वयात, एकाच रुग्णालयात, एकसारखे यंत्र बसवलेल्या दोन मुलांपैकी एक पाच वर्षांचे होईतो गोष्टी सांगू लागते, तर दुसरे सुट्या शब्दांपलीकडे जात नाही. कोणते मूल कोणत्या वाटेने जाईल, हे शस्त्रक्रियेपूर्वी खात्रीने सांगता येत नाही. ‘आधी बोलणे जमते का पाहू, नाही जमले तर खुणा आहेतच’ या धोरणातील धोका नेमका इथे आहे. बोलणे जमत नाही हे स्पष्ट होईपर्यंत मूल पाच-सहा वर्षांचे झालेले असते आणि भाषा सहजपणे रुजण्याचा काळ बव्हंशी उलटून गेलेला असतो.

ओठांवरचा सारखेपणा

ऐकू कमी आले तरी ओठ वाचून कळते, असा एक व्यापक समज आहे. मराठीतील ‘पान’, ‘बाण’, ‘भान’ आणि ‘मान’ हे चार शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहिले, तर हा समज क्षणात दूर होतो. चारही वेळा ओठांची हालचाल जवळजवळ सारखीच दिसते. ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ हे वर्ण घशाजवळ निर्माण होत असल्याने ओठांवर दिसतच नाहीत. ओष्ठवाचन करणारी व्यक्ती उरलेले संदर्भाने ताडते. आणि संदर्भाने ताडण्यासाठी ती भाषा आधीपासून अवगत असावी लागते. म्हणजे ज्या मुलाला ओष्ठवाचनातून भाषा शिकवायची, त्याला ओष्ठवाचन जमण्यासाठी आधी भाषा यायला हवी, असे हे चक्र आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. या भाषेत वाक्याचा अर्थ पुष्कळदा शब्दाच्या शेवटी येणाऱ्या छोट्या प्रत्ययांवर तोललेला असतो. ‘मांजराने उंदराला पकडले’ आणि ‘मांजराला उंदराने पकडले’ या वाक्यांत फरक आहे तो केवळ ‘ने’ आणि ‘ला’ यांच्या जागेचा. बोलताना हे प्रत्यय हलके, झटकन उच्चारले जातात आणि क्षीण श्रवणातून नेमके तेच निसटतात. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या लेखनात विभक्तिप्रत्यय गळालेले दिसतात, त्याचे मूळ आळसात किंवा मंदबुद्धीत नसून इथे आहे.

भारतीय सांकेतिक भाषेत हाच ‘कोणी कोणाला’चा भेद जागेने आणि दिशेने दाखवला जातो. ‘देणे’ या क्रियेची खूण स्वतःकडून समोरच्याकडे नेली तर ‘मी तुला दिले’ आणि उलट आणली तर ‘तू मला दिलेस’. ज्या मुलाच्या मनात हा भेद खुणेतून पक्का झाला आहे, त्याला पुढे वहीवर ‘मी’ आणि ‘मला’ यांतील अंतर समजावणे सोपे जाते, कारण त्यामागील कल्पना त्याच्याकडे असते. शिकायचे उरते ते फक्त तिचे मराठी रूप.

खुणा म्हणजे हातवारे नव्हेत

अंगठा तोंडाकडे नेऊन ‘पाणी’ दाखवणे किंवा हात हलवून ‘ये’ म्हणणे हे हातवारे प्रत्येक घरात होतात. कर्णबधिर मूल असलेल्या घरात ते वाढत जातात आणि त्यावर रोजचा व्यवहार निभावतो. जेवण, झोप, कपडे, बाहेर जाणे एवढे कळते. पण ‘काल मामा येणार होता, गाडी चुकली म्हणून आला नाही, आता रविवारी येईल’ हे या हातवाऱ्यांत सांगता येत नाही. आजी घरातून एकाएकी कुठे गेली आणि परत का येत नाही, हेही सांगता येत नाही. काळ, कारण, अट, शक्यता यांसाठी व्याकरण लागते.

सांकेतिक भाषांना असे स्वतंत्र व्याकरण असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवून दिले. भारतात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर येथील खुणांचा अभ्यास केला, तेव्हा प्रादेशिक भेद असूनही त्यांतील साम्य ठळकपणे समोर आले. पुढे उलरिके त्सेशान यांच्या संशोधनात दिल्ली आणि कराचीतील कर्णबधिरांच्या भाषेचे व्याकरण मूलतः एकच असल्याचे आढळले. सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलीभाषांनी वेगवेगळ्या लिप्या आणि अस्मिता धारण केल्या, हातांची भाषा मात्र फारशी दुभंगली नाही.

या भाषेत क्रिया बहुधा वाक्याच्या शेवटी येते, जे मराठीभाषकाला परके वाटणार नाही. प्रश्नवाचक शब्द मात्र अगदी अखेरीस जातो. ‘तू कुठे जातोस?’ याऐवजी ‘तू – जाणे – कुठे’ असा क्रम येतो आणि भुवयांची, चेहऱ्याची हालचाल त्या प्रश्नाचा अविभाज्य भाग असते. त्यामुळे तोंडाने मराठी बोलत त्याच क्रमाने हातांनी खुणा करत राहणे, ही अनेक शाळांत रूढ असलेली पद्धत वाटते तितकी उपकारक नाही. दोन भाषा एकाच वेळी चालवताना दोन्ही अर्धवट राहतात, खुणा गळतात आणि बोलण्याची लय तुटते. त्यापेक्षा दोन्ही भाषा आलटून पालटून, पण प्रत्येक वेळी पूर्ण स्वरूपात वापरणे हितावह, असे द्विभाषिक शिक्षणाचे पुरस्कर्ते मानतात. द्विभाषिक घरांत आजी मराठीत आणि वडील कन्नडमध्ये बोलतात, त्यातलाच हा प्रकार.

एका ठरावाची लांब सावली

खुणांविषयीच्या संशयाला इतिहास आहे. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि वाचापद्धती हीच श्रेष्ठ असल्याचा ठराव तीत संमत झाला. प्रतिनिधींमध्ये स्वतः कर्णबधिर असलेली व्यक्ती जवळपास नव्हतीच. या ठरावानंतर अनेक देशांच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. कर्णबधिर शिक्षकांनाही त्यांची पदे सोडावी लागली. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत माझगाव येथे १८८५ च्या सुमारास सुरू झाली, ती याच वातावरणात. पुढची अनेक दशके देशातील बहुतेक कर्णबधिर शाळांचा कल वाचापद्धतीकडेच राहिला. वर्गात हात मांडीवर आणि वसतिगृहात, दिवे मालवण्यापूर्वी, हातांच्या गप्पा असे दुहेरी जीवन विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या जगल्या. भारतीय सांकेतिक भाषा टिकली, ती प्रामुख्याने या वसतिगृहांमुळे आणि शहरांतील कर्णबधिरांच्या मंडळांमुळे. मिलानच्या ठरावाबद्दल याच परिषदमालिकेने २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे खेद व्यक्त केला. मधल्या काळात १३० वर्षे गेली होती.

पुरावे काय सांगतात

खुणा शिकल्याने बोलणे खुंटते का, या मूळ प्रश्नावर संशोधकांत आजही पूर्ण एकमत नाही आणि पालकांनी हे जाणून घेतलेले बरे. अॅन गीअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इम्प्लांट झालेल्या ज्या मुलांच्या घरी खुणांचा वापर नव्हता, त्यांची वाचा आणि वाचनक्षमता पुढे अधिक चांगली आढळली. वाचापद्धतीचे समर्थक या अभ्यासाचा आवर्जून दाखला देतात. त्यावर घेतले गेलेले आक्षेपही तितकेच महत्त्वाचे आहेत. ज्या मुलांना बोलणे जड जाते, त्यांचेच पालक खुणा सुरू ठेवतात. म्हणजे खुणांमुळे बोलणे मागे पडले की बोलणे मागे पडल्यामुळे खुणा राहिल्या, हे त्यातून उलगडत नाही. शिवाय त्या घरांत वापरल्या गेलेल्या खुणा बऱ्याच अंशी बोलण्याला दिलेली जोड होत्या, ती पूर्ण विकसित सांकेतिक भाषा नव्हती.

दुसऱ्या बाजूला, कर्णबधिर आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या, जन्मापासून सांकेतिक भाषा लाभलेल्या आणि नंतर इम्प्लांट झालेल्या मुलांचा २०१४ मधील अभ्यास आहे. नमुना अगदी लहान होता, पण त्या मुलांचे इंग्रजी बोलणे ऐकू येणाऱ्या समवयस्कांच्या तोडीचे आढळले. खुणा जन्मजात बोलण्याच्या शत्रू असत्या, तर असे घडते ना. २०२१ मध्ये नाओमी कॅसेली आणि सहकाऱ्यांनी ऐकू येणाऱ्या पालकांच्या कर्णबधिर मुलांचा अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषेशी संपर्क आलेल्या मुलांचा शब्दसंग्रह वयानुरूप वाढत असल्याचे त्यात दिसले. हे पालक स्वतः ती भाषा नव्यानेच शिकत होते, ही बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे. पालकांची सांकेतिक भाषा अस्खलित नसली, तरी मुलाचे काम त्यातून सुरू होते.

रेचेल मेबरी यांच्या संशोधनाने चित्र आणखी स्पष्ट केले. बालपणी बोली किंवा सांकेतिक, कोणतीही एक भाषा पक्की झालेल्या व्यक्ती मोठेपणी दुसरी भाषा चांगल्या प्रकारे आत्मसात करतात. बालपण कोणत्याही भाषेविना गेलेल्या व्यक्तींना मात्र पुढे दोन्ही प्रकारच्या भाषा जड जातात. या अवस्थेला अभ्यासक ‘भाषावंचितता’ म्हणतात. तिचे परिणाम केवळ परीक्षेच्या गुणांपुरते मर्यादित नसतात. स्मरण, काळाचे भान, दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज, स्वतःचे दुखणे डॉक्टरांना सांगता येणे या सगळ्यांवर त्यांची छाया पडते. अपयशाची ही किंमत बोलण्याच्या उच्चारातील सदोषतेपेक्षा कितीतरी मोठी आहे. म्हणून दोन्ही वाटा एकत्र चालण्यातील धोका आणि एकाच वाटेवर सर्व भिस्त ठेवण्यातील धोका यांची तुलना केली, तर दुसरा धोका गंभीर ठरतो.

याचा अर्थ वाचा-उपचार दुय्यम आहेत असा नाही. दुकानदार, शेजारी, बसचा वाहक यांना सांकेतिक भाषा येत नाही आणि नजीकच्या काळात येणारही नाही. थोडेबहुत बोलता आणि ऐकता येणे हे या समाजात मोठे बळ आहे. ते मिळण्याची शक्यता असताना केवळ तत्त्वाखातर मुलाला त्यापासून दूर ठेवणे हाही अन्यायच होय.

घरातला समतोल

समतोल म्हणजे अर्धे बोलणे आणि अर्ध्या खुणा असे मोजमाप नव्हे. श्रवणदोष किती आहे, यंत्राचा लाभ कितपत होतो, मूल किती वयाचे आहे, यानुसार पारडे बदलत राहते. दर सहा महिन्यांनी मुलाचा आढावा घेताना ‘किती शब्द बोलतो’ एवढेच न मोजता, तोंडाने किंवा हाताने मिळून किती शब्द, किती प्रकारची वाक्ये आणि किती प्रश्न तो विचारू शकतो, हे नोंदवणे योग्य ठरते. ‘का?’ हा प्रश्न येऊ लागला की नाही, ही तर उत्तम खूण मानता येईल.

ऐकू येणाऱ्या पालकांना नकळत होणारी एक चूक टाळावी लागते. ऐकणारे मूल चित्राकडे पाहता पाहता आईचे बोलणे ऐकू शकते. कर्णबधिर मुलाला दोन्हींसाठी डोळेच असतात. म्हणून आधी चित्र पाहू द्यावे, मग नजर वर येण्याची वाट पाहावी, मग बोलावे किंवा खूण करावी आणि पुन्हा चित्राकडे जाऊ द्यावे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, खिडकी त्याच्या पाठीशी नसावी. हाक मारण्याऐवजी खांद्याला हलका स्पर्श करावा किंवा दिवा उघडझाप करावा. हे सारे साधे आहे, पण दिवसातून शंभरदा करावे लागते.

बहुतेक घरांत खुणा शिकते ती एकटी आई. वडील, आजी-आजोबा, भावंडे तिच्यामार्फतच मुलाशी बोलतात. सर्वजण जेवायला बसले असताना हास्याचा कल्लोळ उठतो, मूल ‘काय झाले?’ म्हणून विचारते आणि ‘काही नाही, नंतर सांगते’ असे उत्तर मिळते. हे ‘नंतर’ क्वचितच येते. मोठे झालेल्या अनेक कर्णबधिरांच्या आठवणींत हेच वाक्य ठाण मांडून बसलेले असते. त्यामुळे भावंडांना खुणा शिकवणे ही नंतर करण्याची गोष्ट नव्हे. लहान मुले त्या मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक गुंता असतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील घरात मराठी, शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू वा कन्नड आणि उपचार केंद्रात इंग्रजीचा मारा, अशी परिस्थिती असते. अशा पालकांना ‘घरातली मराठी बंद करा’ असे सरसकट सांगितले जाई. मुलाला भाषेचा सर्वाधिक आणि सर्वांत नैसर्गिक पुरवठा होतो तो पालकांना मनापासून येणाऱ्या भाषेतून. अडखळत्या इंग्रजीतून तो होत नाही. अंगाई, रागावणे, लाड हे सारे मराठीतून होत असेल, तर यंत्रातून पोहोचणारी पहिली बोली मराठीच असणे सयुक्तिक आहे. सांकेतिक भाषेचा एक व्यावहारिक लाभही इथे दिसतो. नोकरीतील बदलीमुळे नागपूरहून भोपाळला आणि तिथून बंगळूरला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या भोवतालची बोली दर वेळी बदलते. भारतीय सांकेतिक भाषा थोड्याफार स्थानिक फरकांनिशी तीच राहते.

शिकायचे कुठे

नवी दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा चित्रफीत-कोश प्रसिद्ध केला. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही संख्या दहा हजारांवर गेली. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी २०२० मध्ये करार झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या देशभरातील प्रमाणीकरणाचा आणि तीत अभ्याससामग्री तयार करण्याचा उल्लेख केला असून, स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखण्याचेही म्हटले आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी भारतीय सांकेतिक भाषेला वाहिलेली आहे. २०१६ च्या कायद्याने कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वाधिक अनुरूप भाषेत आणि संवादपद्धतीत शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे आणि सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांच्या नियुक्तीचे बंधन शासनावर आहे.

कागदावर ही तयारी भरघोस आहे. पण कोशातून शब्द मिळतात, भाषा मिळत नाही. ती माणसांकडून मिळते. यासाठीच कर्णबधिर प्रौढांशी कुटुंबाचा परिचय होणे अगत्याचे आहे. दिल्लीच्या केंद्रात सांकेतिक भाषेचे अध्यापन शिकवणारी जी पदविका आहे, ती खास कर्णबधिर व्यक्तींसाठी आहे. अशा प्रशिक्षित शिक्षकांना पालकांच्या वर्गांसाठी बोलावणे शक्य असते. याचा लाभ केवळ भाषेपुरता नसतो. आपले मूल मोठेपणी कसे असेल, हे पालकांना प्रथमच दिसते. नोकरी करणारा, संसार थाटलेला, हास्यविनोदात रमणारा कर्णबधिर माणूस प्रत्यक्ष भेटल्यावर निदानाच्या दिवशी मनात बसलेले भय बरेच ओसरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठासमोर अॅड. सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सांकेतिक भाषेतून बाजू मांडली, तेव्हा ते दृश्य देशभरातील कर्णबधिरांच्या घरांत पुन्हा पुन्हा पाहिले गेले, यात नवल नाही.

शाळा निवडताना पालक बहुधा निकालाची टक्केवारी आणि यंत्रसामग्री विचारतात. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, मधल्या सुटीत पंधरा मिनिटे पटांगणाच्या कडेला उभे राहून पाहणे अधिक उपयोगी पडते. मुले एकमेकांशी कशी बोलतात, शिक्षक त्यांच्या गप्पांत सहभागी होऊ शकतात का, भांडण झाले तर दोन्ही बाजू शिक्षकांना कळतात का आणि नव्याने आलेले, अद्याप काहीच न बोलणारे मूल कोणाजवळ उभे असते, हे तिथे दिसते.